पायाचे माप

मुलांनो, नवा जोडा घेताना तुमच्या घरचे लोक दुकानदाराला काय सांगतात? "एक नंबर मोठा दाखवा, पोराचा पाय वाढतो आहे." आमच्या घरीही असेच चाले. ईदच्या आधी अब्बा खरेदीला नांदेडला निघाले, की अम्मी मला जमिनीवर उभे करी. टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरी आणि वर दोन बोटे जास्त सोडून गाठ मारी. ती सुतळी खिशात घालून अब्बा पूर्णा स्टेशनावर गाडी पकडत. जोडा आला, की त्याच्या टोकात कापूस कोंबून मी ईदगाहपर्यंत चालत जाई. पाय जोड्याएवढा होईपर्यंत जोडाच फाटलेला असे!

ही सवय मला पुढे समुद्रात नडली.

पोहायला मी पूर्णा नदीत शिकलो, पाठीला पत्र्याचा डबा बांधून आणि अर्थातच अनवाणी. पोहतानाही पायांत काही घालतात, हे मी प्रथम मालवणला पाहिले. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार शिक्षक तिकडे गेलो होतो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला पाहिला आणि पाण्याखालचे मासे पाहण्यासाठी नावेत बसलो. नावेवरच्या तरुणाने आमच्यापुढे रबरी फिनांचा ढीग ठेवला. फिन म्हणजे माशाच्या शेपटीसारखे लांब पाते. पाय घालण्यासाठी त्याला बुटासारखी खोळ असते.

एक जोड मला नीट बसत होता. पण तो पायाला घट्ट धरून बसला, म्हणून मी काढला आणि सैल उचलला. "सर, तुम्हांला मोठा होतोय," तो तरुण म्हणाला. "असू दे, आराम वाटतो," मी म्हणालो. शिक्षकाला कोण शिकवणार!

थोडा वेळ मजा वाटली. मग टाच खोळीतून वरखाली होऊ लागली. फिन निसटू नये म्हणून मी बोटे आवळून धरली. थोड्याच वेळात तळपायात असा गोळा आला, की मी ओरडलोच. तेवढ्यात एक फिन निघून गेले. एका पायाला पाते, दुसरा पाय मोकळा. मी एका जागी गरगर फिरू लागलो. तोंडातल्या नळीत खारे पाणी शिरले. अंगात जीवरक्षक जाकीट होते, म्हणून बुडालो नाही. पण नदीत इतकी वर्षे पोहलेला मी त्या क्षणी सगळे विसरलो. त्या तरुणाने मला नावेला धरून ठेवले आणि बुडी मारून फिन वर आणले.

नावेवर त्याने माझी सोललेली टाच पाहिली आणि आपली स्वतःची फिन काढून दाखवली. ती आमच्या फिनांपेक्षा कितीतरी लांब होती. पाठीवर हवेची टाकी न घेता एका श्वासात खोल जाणारे पाणबुडे अशी फिन वापरतात. (ते कधीही एकटे जात नाहीत, हेही त्याने बजावले.) पाते जितके लांब, तितका पायावर ताण जास्त. खोळ सैल असेल, तर पायाचा जोर पाण्याला न लागता घसरण्यात वाया जातो आणि कातडी सोलते. फार घट्ट असेल, तर रक्त अडते, बोटे बधिर होतात. टाचेमागे पोकळी नको, बोटे दुमडायला नकोत आणि पायाच्या वरच्या उंचवट्यावर दाब नको. नंबरावर भरवसा ठेवू नये, कारण कारखान्यागणिक साचा बदलतो. शिवाय अनेकदा एकच खोळ ४२-४३ अशा दोन मापांसाठी असते. म्हणून पाय ओला करून घालावी, हवेत पाय झटकून पाहावा आणि दहा मिनिटे तशीच ठेवावी. थोडी सैल वाटली, तर आत रबरी मोजा घालावा. हा मोजा शब्द तुम्हांला शिकवायला नको. तो फारसीतून उर्दूतही आला आणि मराठीतही!

अशी पाती माणसाने फार पूर्वीच करून पाहिली होती. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी लहानपणी तळपायांना चपलांसारखे काही बांधून पाहिले. ते त्यांना फारसे जमले नाही. आजच्या फिनांसारख्या फिनांचे पेटंट लुई द कोर्लियू या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९३३ मध्ये घेतले.

गेल्या जूनमध्ये मुलीला शाळेचे बूट घ्यायचे होते. मी तिला मुद्दाम संध्याकाळी दुकानात नेले. दिवसभर चालून पाय थोडे सुजतात, तेव्हाचे माप खरे. तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा किंचित मोठा निघाला, म्हणून माप उजव्याचे धरले. अम्मीही बरोबर होती. "एक नंबर मोठा घे," ती म्हणाली. इंग्रजी मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. बूट काही फिन नव्हे, त्यात पुढे बोटभर जागा हवीच, आणि ती दुकानदाराने दाखवलेल्या बुटात होती. मी तेच घेतले.

अम्मी वाटभर बोलली नाही. घराच्या दारात चपला काढताना म्हणाली, "मग पुढच्या जूनच्या बुटांचे पैसे आत्तापासूनच बाजूला ठेव."