हॅलिफॅक्सच्या बर्फावरील एक रात्र

अटलांटिक महासागराच्या काठी वसलेले हॅलिफॅक्स हे कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांताच्या राजधानीचे बंदर. बंदरापासून शहर चढणीने वर जाते आणि माथ्यावर सिटाडेल हा जुना किल्ला लागतो. नाताळचा दिवस सोडला तर तेथून रोज दुपारी बारा वाजता तोफ उडते. किल्ल्याच्या उतारावर १८०३ पासून वेळ दाखविणारा घड्याळाचा मनोरा आहे, आणि त्याच्या खालच्याच अंगाला क्रीडागृह. ५ जानेवारी २०२३ रोजी तेथे वीस वर्षांखालील मुलांच्या जागतिक आइस हॉकी स्पर्धेचा अंतिम सामना झाला, कॅनडा आणि चेकिया यांच्यात.

वास्तविक हा मान रशियातील शहरांचा होता. युक्रेनवरील आक्रमणानंतर तो काढून घेण्यात आला आणि स्पर्धा हॅलिफॅक्स व मॉन्क्टन येथे आली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारे हे सामने कॅनडातील घराघरांत सणाच्या पंगतीइतक्याच नेमाने पाहिले जातात. गोठलेल्या अंगणात मुलाला स्केट बांधून उभे करणारे बाप आणि पहाटेच्या अंधारात त्याला सरावाला पोहोचविणाऱ्या आया त्या देशात उदंड आहेत. प्रेक्षकांत अशी कुटुंबे तीन-तीन पिढ्यांनिशी बसलेली असतात.

खेळाची रीत साधी आहे. गोलरक्षक धरून सहा गडी, वीस-वीस मिनिटांचे तीन डाव आणि सुमारे १७० ग्रॅम वजनाची कडक रबराची चकती, म्हणजे पक. ती उसळू नये म्हणून आधी गोठवून ठेवतात. नवख्याची नजर प्रथम चकतीमागे धावते आणि हरते. थोड्या वेळाने ती काठ्यांच्या हालचालींवर ठेवावी हे कळते. कानांना मात्र शिकावे लागत नाही. बर्फ कापणाऱ्या पात्यांची करकर आणि कडेच्या फळ्यांवर देह आदळल्याचा दणका वरच्या रांगेपर्यंत पोहोचतो. धडक नियमात बसते, मारामारी नाही. या स्पर्धेत हात उगारणाऱ्याला सामन्याबाहेर काढतात. लहानसहान चुकीला दोन मिनिटे काचेआड बसण्याची शिक्षा असते, आणि तेवढा वेळ संघ एका गड्यावाचून खेळतो. पेढीवर एकाचा हिशेब चुकला की भार सगळ्या भावांवर पडतो, तसेच हे.

कॅनडाचा कॉनर बेडार्ड तेव्हा अवघा सतरा वर्षांचा होता. अठरा पूर्ण न झालेल्यांना पूर्ण चेहरा झाकणे सक्तीचे असल्याने, सात सामन्यांत २३ गुण मिळविणारा हा मुलगा जाळीआडूनच जगाला दिसला. डिलन गुंथर आणि शेन राइट यांच्या गोलांमुळे कॅनडा २–० असा पुढे गेला, आणि प्रेक्षागृह निर्धास्त झाले. ते थोडे लवकरच झाले. याच चेक मुलांनी पहिल्या दिवशी कॅनडाला ५–२ असे हरविले होते. तिसऱ्या डावात यिर्झी कुलिख आणि याकुब कोस यांनी एका मिनिटाच्या आत दोन गोल केले.

हजारो माणसे एकाएकी गप्प झाली. वयस्कांना ही शांतता परकी नव्हती. २००३ मध्ये याच वास्तूत, याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, कॅनडा रशियाकडून ३–२ असा हरला होता.

जादा वेळेत दोन्हीकडून तीन-तीनच गडी उतरतात आणि पहिला गोल सामना संपवितो. एवढ्या मोकळ्या बर्फावर एका पावलाची चूकही झाकत नाही. गुंथरने पुन्हा गोल केला आणि कॅनडा ३–२ असा जिंकला. हातमोजे, काठ्या, शिरस्त्राणे हवेत उडाली.

गर्दीचे डोळे विजेत्यांवर होते, पण त्या रात्री खरे पाहण्यासारखे दुसऱ्या बाजूला होते. गोलरक्षक टोमाश सुखानेक आणि त्याचे सोबती अठरा-एकोणीस वर्षांचे होते; घर महासागरापलीकडे. त्यांच्या देशाला या स्पर्धेत २००५ नंतर प्रथमच पदक मिळाले होते, पण त्या क्षणी ते कोणाला सांगावे? रिवाजाप्रमाणे हस्तांदोलने झाली. रुपेरी पदके गळ्यात पडली. मग कॅनडाचे राष्ट्रगीत सुरू झाले, सारे प्रेक्षागृह ते गाऊ लागले, आणि चेक मुले निळ्या रेषेवर रांगेत उभी राहून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहिली.