काट्याला लावलेले बोट

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन रोग हमखास जडतात. एक, घरच्या चहाला नावे ठेवण्याचा; दुसरा, प्रवासवर्णन लिहिण्याचा. पहिला महिन्याभरात बरा होतो, कारण घरात चहा करणारी व्यक्ती खमकी असते. दुसऱ्याला मात्र सहसा उतार पडत नाही. मला हे दोन्ही रोग 1986 साली, वयाच्या विसाव्या वर्षी जडले. त्यांतल्या दुसऱ्यावर ज्यांनी औषध दिले ते माझे वडील उभ्या जन्मात सुरतेच्या पलीकडे गेले नव्हते.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. जळगावच्या एका जिनात ते काट्यावरचे कारकून होते. गाडीतून उतरलेला कापूस तोलायचा, वहीत आकडा मांडायचा, पावती फाडायची. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत काढल्याने त्यांना कमी ऐकू येई आणि ते स्वतः मोठ्याने बोलत. आई त्यांच्याशी बोलताना आवाज काढीतच नसे. नुसते ओठ हलवी, आणि नाना बरोबर उत्तर देत. पाहुण्यांना याची गंमत वाटे. मला लाज वाटे.

मी धुळ्याला वसतिगृहात राहून बी. ए. करीत होतो. वक्तृत्वाच्या एका बक्षिसामुळे विद्यार्थ्यांच्या एका तुकडीत माझी वर्णी लागली. इंग्लंडात पाच आठवडे, राहणे तिथल्या कुटुंबांत. तुकडीत आम्ही बाराजण. कोणी डॉक्टरांचा मुलगा, कोणी वकिलाची मुलगी, एकाच्या घरी केळीचा मोठा व्यापार. माझा कोट मामांचा होता. बाह्या तेवढ्या आखूड करून घेतल्या होत्या.

निघण्यापूर्वी मी ‘अपूर्वाई’ दोनदा वाचून काढली. पु. लं.चे ते पुस्तक 1960 साली निघाले आणि तेव्हापासून विलायतेला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला आपणही पु. ल. आहोत असे विमानाच्या शिडीवरच वाटू लागते. जवळच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी ‘लिहा, छापू’ असे म्हटले होते. मग काय विचारता! लंडनच्या चार दिवसांत मी सतरा पाने लिहिली. त्यांत थेम्स नदी होती, राणीचा राजवाडा होता, आणि माझ्या अंतःकरणात उठलेल्या लहरी होत्या. नदीपेक्षा लहरीच जास्त. त्यातलेच वेचे मी नानांना हवाईपत्रावर पाठवले.

उत्तर मँचेस्टरच्या मुक्कामी आले. वहीतल्या नोंदीसारखे, आखीव:

“पत्र पोचले. राजवाडा आपल्याकडे कॅलेंडरवर आहे. तू राहतोस त्या घरात माणसे किती? मिळवता कोण? रस्ता झाडायला किती वाजता येतात? पावाचा भाव काय? कापसाची गिरणी दाखवतील तर कापूस हातात घेऊन पाहणे. धागा केवढा ते कळवणे. आईचा आशीर्वाद.”

मी पत्र घडी करून ठेवले. इंग्लंडात येऊन पावाचा भाव लिहायचा? माणसाला काही दृष्टी असावी की नाही!

त्याच संध्याकाळी माझी फजिती झाली. यजमानीणबाईंनी ‘सहा वाजता टी’ असे सांगितले होते. नुसता चहाच असणार, म्हणून मी बाहेरून पोटभर खाऊन आलो. टेबलावर पाहतो तो बटाटे, मटार, पाय, पुडिंग! उत्तर इंग्लंडातल्या पुष्कळ घरांत संध्याकाळच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात हे मला कोणी सांगितले नव्हते. बाईंनी तो पाय खास माझ्यासाठी बिनमांसाचा केला होता. मी तो संपवला. रात्रभर झोपलो नाही. ही हकिकत अर्थातच माझ्या लेखात आली नाही. लेखात त्या रात्री चांदणे होते.

पुढच्या आठवड्यात आम्हाला स्टायल गावी नेले. मँचेस्टरजवळ बॉलिन नदीकाठी सॅम्युअल ग्रेगने 1784 मध्ये सुरू केलेली सूतगिरणी आहे, क्वारी बँक मिल. आता तिचे संग्रहालय झाले आहे. जवळच एक पांढरे घर आहे. गिरणीत राबणारी सुमारे 90 अनाथ-गरीब मुले त्यात ठेवीत. नऊ-दहा वर्षांची पोरे दिवसाला बारा तास राबत आणि चालत्या यंत्राखाली शिरून पडलेला कापूस गोळा करीत.

आणि तो कापूस कुठला? पुष्कळसा अमेरिकेतला, गुलामांनी वेचलेला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. लाखो मजुरांचे काम गेले. त्याच वेळी आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे खानदेशात नुकतीच पोचली होती. त्या वर्षांत बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या असे माझी आजी तिच्या आजीच्या हवाल्याने सांगे. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि कर्जाने घेतलेल्या जमिनी सावकाराकडे गेल्या. आपला कापूस आखूड धाग्याचा. शिवाय वजन वाढवायला त्यात कोणी पाणी मारी, कोणी सरकी-माती मिसळी. पश्चिम हिंदुस्थानातल्या साऱ्या कापसाला तिकडे ‘सुरत’ म्हणत, आणि तो शब्द लँकेशायरात हलक्या मालाला शिवीसारखा वापरू लागले.

यातले मला त्या दिवशी काहीच ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते ते एवढेच की बूट चावत आहेत.

यंत्र दाखवायला एक म्हाताऱ्या बाई होत्या. तरुणपणी मागावर काम केलेल्या. त्या बोलताना ओठ फार मोठे हलवीत. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नसे, म्हणून आम्ही सगळ्या ओठांवरून बोलणे वाचायला शिकलो, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी आमच्या प्रत्येकाच्या हातावर कापसाचा पुंजका ठेवला. माझ्या दोन्ही अंगठ्यांनी, मला न विचारता, तो धरला, ओढला, पुन्हा जुळवून ओढला, आणि उरलेले तंतू मी कोटाच्या काळ्या बाहीवर ठेवून पाहू लागलो. नाना असेच करीत. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी तेवढे एक काम शिकलो होतो.

बाई थबकल्या. म्हणाल्या, “हे तुला कोणी शिकवले?”

बाकीचे अकराजण माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणालो, “आमचा कापसाचा व्यापार आहे.”

परत आल्यावर लेख छापून आला. स्टायलच्या गिरणीबद्दल मी लिहिले होते: ‘त्या कोवळ्या जिवांच्या आठवणीने माझ्या नेत्रांतून अश्रुधारा वाहू लागल्या.’ धुळ्याला मित्रांनी पाठ थोपटली. अंक घेऊन मी एस. टी.ने पारोळा, एरंडोल करीत जळगाव गाठले. नव्वद-एक किलोमीटरचा तो प्रवास मी कादंबरीतल्या नायकासारखा खिडकीत बसून केला.

नानांनी जेवण झाल्यावर कानामागची पेन्सिल काढली आणि लेख वहीसारखा तपासायला घेतला. जुळलेल्या नोंदीपुढे ते बारीक खूण करीत, तशी त्यांनी करायला सुरुवात केली. साऱ्या लेखात पाच खुणा झाल्या. बसचे भाडे, गिरणीचे साल, मुलांचे वय, असल्या जागी. अश्रुधारांपाशी पेन्सिल थांबली. त्यांनी वाक्याभोवती वर्तुळ काढले.

“रडलास?”

आई दारात उभी होती. मी मान हलवली. नाही.

“मग काय झालं तिथं?”

मी बूट सांगितले. बाईंचे ओठ सांगितले. ते ऐकताना नानांनी आईकडे पाहिले आणि दोघेही हसली. ‘टी’ची फजिती सांगितली तेव्हा नाना डोळे पुसेपर्यंत हसले. मग मी पुंजक्याचे सांगितले.

“धागा केवढा?”

“आपल्यापेक्षा लांब. चांगला बोटभर.”

“हे का नाही लिहिलंस?” आणि जरा थांबून, “तिनं विचारलं नाही, कोणी शिकवलं म्हणून?”

खोटे बोलायची तीही एक संधी होती. पण समोर पेन्सिल होती. मी बाईंना दिलेले उत्तर सांगितले.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. जिनात तीस वर्षे काढलेला माणूस घरात मोठ्यानेच बोलायचा. त्या दिवशी ते इतके हळू बोलले की मलाच त्यांच्या ओठांकडे पाहावे लागले.

“काट्याला बोट लावू नये, बाबा. जड करायलाही नाही, हलकं करायलाही नाही. शेतकऱ्याला लगेच कळत नाही. पण तोलणाऱ्याला कळलेलं असतं.”

एवढे बोलून त्यांनी पेन्सिल कानामागे ठेवली. आम्हां दोघांत त्या विषयावर पुन्हा कधी बोलणे झाले नाही.

पुढे मी मराठीचा मास्तर झालो आणि प्रवासवर्णने शिकवली. त्यांत गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ मला नेहमी आधार देई. 1857 साली हा वरसईचा गरीब ब्राह्मण चार पैसे मिळवायला उत्तरेकडे निघाला, आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. लिहिले त्याने पंचवीसेक वर्षांनी. छापले गेले 1907 मध्ये. भूक, भीती, लुटले जाणे, सारे त्याने जसेच्या तसे सांगितले आहे. आपण कोण आणि कशासाठी निघालो हे लपवण्याची त्याला गरज वाटली नाही. मुलांना मी सांगे की पाहिलेले देश सगळेच लिहितात. पाहणारा कुठून आला हे ज्याला लिहिता येते, त्याचे वर्णन खरे उतरते. हे सांगताना स्वतःचा तो लेख मात्र मी कधी वर्गात काढला नाही.

नाना जाऊन आता बरीच वर्षे झाली. खुणा केलेले ते कात्रण पिवळे पडून त्यांच्या वहीत आहे. गेल्या वर्षी माझी मुलगी कॉलेजच्या तुकडीबरोबर जर्मनीला जाऊन आली. रोज फोनवर फोटो येत. मी विचारी, “रस्ता झाडायला किती वाजता येतात?” ती म्हणे, “बाबा, तुमचं काहीतरीच!” पण चौथ्या दिवशी पहाटे तिने एका झाडणाऱ्या माणसाचा फोटो पाठवला, वेळेसकट.

चाळीस वर्षे राहून गेलेली दुरुस्ती म्हणून हा लेख लिहिला. पाठवण्यापूर्वी तिला वाचायला दिला. तिने तो नीट वाचला आणि शेवटी एका वाक्याभोवती वर्तुळ काढून परत दिला. नाना गेले त्या दिवसाबद्दलचे ते वाक्य होते. त्यात अश्रू होते.

ते वाक्य मी काढून टाकले आहे.