आमची दोरखरेदी

ज्या गोष्टीशी आपला या जन्मी काही संबंध येईल असे मनुष्याला स्वप्नातही वाटत नाही, तीच गोष्ट कधी कधी उतारवयात त्याच्या दारी येऊन उभी राहते. आम्ही आयुष्यात कधी होडी बाळगली नाही. पोहणे आम्हांस येते ते विहिरीपुरते. आणि जलक्रीडा हा शब्द आम्ही काव्याबाहेर कधी ऐकला नव्हता. असे असता, माणसांना पाण्यावरून ओढून नेण्याचे साहित्य कोणते घ्यावे याविषयी हल्ली आमच्या घरात आमचे मत विचारले जाते, आणि आम्हीही ते चष्मा सावरून देतो. हा अधिकार आम्हांस अभ्यासाने प्राप्त झाला असे सांगता आले असते तर बरे झाले असते. खरे पाहता तो एका चुकीतून प्राप्त झाला, आणि ती चूक आमची स्वतःची होती.

आमची कन्या अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहते. हे राज्य स्वतःला दहा हजार तळ्यांचा प्रदेश म्हणवून घेते, आणि त्यात अतिशयोक्ती नसून उलट विनयच आहे. कारण दहा एकर वा त्याहून मोठ्या तळ्यांची तेथील गणती ११,८४२ आहे. हिवाळ्यात ही तळी इतकी गोठतात की त्यांवरून मोटारी नेतात. आणि बर्फ वितळला की सारा गाव पाण्यावर लोटतो. आम्ही उभयता दर उन्हाळ्यात तेथे जातो. दोन वर्षांपूर्वी गेलो तो जावईबापूंनी एक जुनी पाँटून होडी विकत घेतलेली. दोन होड्या किंवा सुके भोपळे एकमेकांस जखडून जे तरंगते साधन करतात त्याला आपल्याकडे सांगड म्हणतात. पाँटून म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन लांब नळकांड्यांची सांगडच होय; वर सपाट बैठक, भोवती कठडा, डोक्यावर कापडी छत आणि मागे यंत्र. हिची कल्पनाही याच राज्यातली. १९५२ साली रिचमंड गावच्या अँब्रोज वीर्स यांनी पोलादी पिपे एकापुढे एक जोडून दोन रांगा केल्या, त्यांवर फळ्यांची बैठक ठोकली, आणि घराचा ओटाच जणू पाण्यात सोडला. ओट्यावर बसून चहा घ्यावा, गप्पा माराव्या, फार तर गळ टाकावा, एवढाच त्या होडीचा मूळ उद्देश होता. आम्हांस ती त्याच कारणाने आवडली.

परंतु मुलांना ओटा नको होता. आमची नात तेव्हा अकरा वर्षांची आणि नातू आठांचा. शेजारच्या होड्यांमागे हवा भरलेल्या मोठ्या बैठकांवर मुले किंचाळत जात असत. त्या बैठकीला तेथे ट्यूब म्हणतात. आमच्या होडीच्या पूर्वीच्या मालकाने तशी एक ट्यूब आणि एक जुना दोर होडीबरोबरच देऊन टाकला होता. दोर आखूड भरला. तेव्हा आम्ही पुढे झालो. आम्ही शेतकऱ्याच्या घरात वाढलेले. गाठ मारण्याचा आम्हांस अभिमान. होडी धक्क्याला बांधण्याचा एक नायलॉनचा दोर पडला होता, तो आम्ही जुन्या दोरास जोडला, गाठ ओढून पाहिली, आणि "आता हत्ती बांधला तरी चालेल," असे जावईबापूंस सांगितले. त्यांनी सासऱ्याचा मान राखला.

दोन्ही मुले एकाच ट्यूबवर बसली. चौथ्या की पाचव्या वळणावर ट्यूबचे तोंड क्षणभर पाण्यात घुसले, दोर ताणला गेला, आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. दोराचे तुटलेले टोक होडीकडे परत आले ते चाबकासारखे, आणि मागच्या बाकाच्या पाठीवर आदळून त्याने तेथील आच्छादन वीतभर फाडले. त्या बाकावर आमची सौ. बसली होती, थर्मासमधला चहा ओतण्यासाठी ती नुकतीच उठली होती. मुले मागे पाण्यात तरंगत हसत होती, त्यांना ही मोठीच गंमत वाटली. होडीवर मात्र कोणी बोलेना. अखेर सौ. एवढेच म्हणाली, "विहिरीवरचे विसरलात वाटते?"

आम्ही विसरलो नव्हतो. परंतु आठवण असणे आणि ती वेळेवर उपयोगी पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्या लहानपणी वडिलांच्या मळ्यात मोट चालत असे. मोट ओढणाऱ्या जाड दोराला नाडा म्हणत. बैल धावेवरून खाली उतरू लागले की हाकणारा गडी त्या ताणलेल्या नाड्यावरच बसून उतरत असे. आम्ही नऊ वर्षांचे असताना एका सकाळी भरली मोट वर येत असता नाडा तुटला. मोट विहिरीत गेली, बैल गुडघ्यांवर कोसळले, आणि गड्याचा हात मोडला. त्या दिवसापासून वडील रोज पहाटे नाड्यावरून टोकापासून टोकापर्यंत हात फिरवीत, आणि कोठे काथ सुटलेला लागला की तो नाडा त्याच दिवशी उतरवीत. उतरवलेला नाडा तसाच ठेवीत नसत. त्याचे तुकडे करून गुरांची दावी करीत, म्हणजे अडल्या वेळी तो पुन्हा विहिरीवर चढवण्याचा मोह कोणास होऊ नये. दोर तुटल्यावर बदलायचा नसतो, तुटण्याआधी बदलायचा असतो, असे ते म्हणत. ज्याच्या घरी ही शिकवण, त्याने सत्तरी ओलांडल्यावर नातवंडांना जुन्या दोराच्या गाठीवर पाण्यात सोडावे, याची लाज आम्हांस अजून वाटते.

त्या संध्याकाळी आम्ही जुन्या दोराचे तुकडे केले, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत या विषयाचा पाठपुरावा केला. पहिली गोष्ट कळली ती गाठीची. गाठीत दोराला जे तीव्र वळण बसते तेथे सारा ताण काही मोजक्या धाग्यांवर येतो, आणि दोराचे बळ कधी कधी निम्म्यावर येते. नायलॉनचा दोष त्याहून मोठा. तो रबरासारखा ताणतो, म्हणून धक्क्याला होडी बांधण्यास उत्तम. पण ताणलेल्या दोरात जे बळ साठते ते तुटताच उलट दिशेने धाव घेते. शिवाय नायलॉन पाण्यात बुडतो आणि यंत्राच्या पंख्यात गुंतू शकतो. ओढण्याचा दोर पाण्यावर तरंगणारा हवा. कोकणातल्या नावाड्यांचा काथ्याचा दोर तरंगत असे. येथे ते काम पॉलिएथिलीन वा पॉलिप्रॉपिलीन करते.

दोराच्या बळाचे हिशोबही ठरलेले आहेत. ट्यूबवर एक माणूस असेल तर दोराची तुटण्याची मर्यादा निदान १,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलो असावी. दोघे असतील तर २,३७५ पौंड, तिघे असतील तर ३,३५० आणि चौघे असतील तर ४,१०० पौंड. प्रथम वाचताना आम्हांस हे हास्यास्पद वाटले. दोन पोरांचे वजन ते केवढे! पण हा हिशोब वजनाचा नव्हे, झटक्याचा आहे. फळीवर उभा राहून घसरत जाणारा मनुष्य पाण्याला जेमतेम शिवतो. ट्यूब मात्र आपल्या साऱ्या पोटाने पाणी रेटते, आणि तिचे नाक बुडाले की क्षणात ती नांगर बनते. म्हणून घसरणाऱ्याचा दोर ट्यूबला बांधू नये. लांबीचाही असाच नियम: ट्यूबचा दोर ५० फुटांहून आखूड नको आणि ६५ फुटांहून लांब नको. आखूड असेल तर ट्यूब यंत्राच्या अंगावर येते. लांब असेल तर वळणावर ती इतक्या दूर फेकली जाते की ती कोठे जाईल हे हाकणाऱ्याच्या हाती राहत नाही.

दोर ठरला तरी तो बांधावा कोठे, हा प्रश्न राहतोच. पाँटूनच्या पाठीमागे मध्यभागी यंत्र असते, म्हणजे जेथून ओढावे नेमकी तीच जागा अडलेली. कठड्याला दोर बांधणे म्हणजे कठडा उपटून घेणे होय. तो माणसांनी पडू नये म्हणून असतो. धक्क्याला बांधण्याचे खुंटही या कामाचे नव्हेत. उरतात तीन मार्ग. होडीच्या मागच्या दोन कोपऱ्यांतील कड्यांना एक दोरी अडकवून तिच्यावर कप्पी सोडायची. ही स्वस्त, परंतु दोर ढिला पडला की ती पंख्याकडे जाऊ पाहते, म्हणून तिला तरंगणारा गोळा लावावा लागतो. दुसरा मार्ग यंत्रावरून कमानीसारखी जाणारी नळीची दांडी. तिसरा म्हणजे उंच मनोरा.

जावईबापूंचे मन मनोऱ्यावर बसले होते, आणि दुकानातील गृहस्थही त्याचीच शिफारस करीत होते. मनोरा दिसतो देखणा. दोर उंचावरून ओढला जातो, त्यामुळे फळीवर उभ्या राहणाऱ्याला उड्या मारता येतात. पण तोच दोर ट्यूबला लावला, आणि ट्यूब पाण्यात घुसली, तर त्या उंचीमुळे बुडाशी पडणारा ताण कितीतरी पटींनी वाढतो. म्हणूनच मनोरे करणारे पुष्कळ जण त्यांना ट्यूब बांधू नये असेच बजावतात. आम्ही जावईबापूंस म्हणालो, "आपल्याकडे उड्या मारणारे अजून कोणी नाही. तुम्ही मुलांसाठी घेता आहा की शेजाऱ्यांसाठी?" ते हसले, आणि होडी बांधणाऱ्यांनी ओढण्यासाठी म्हणून जी जागा नेमून दिली होती तेथे दांडी बसवून घेण्याचे ठरले. त्यांच्या ११५ अश्वशक्तीच्या यंत्रास दोन मुलांची ट्यूब मुळीच जड नव्हती. यंत्राची चिंता सर्वांना होती आणि तिचेच कारण सर्वांत कमी होते.

हा सारा खटाटोप चालू असता आमच्या नातीने आम्हांस एक गोष्ट शाळेतून आणून दिली. पाण्यावर फळ्यांनी घसरण्याचा खेळ याच राज्यात जन्मला. १९२२ च्या जुलैत, लेक सिटी गावी, राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा तरुण, पाइनच्या दोन फळ्यांची टोके आईच्या हंड्यात उकळून वाकवून, त्यांवर उभा राहिला आणि खिडकीच्या दोरीला धरून पाण्यावरून गेला. होडी हाकीत होता त्याचा भाऊ. नातीला फळ्यांचे कौतुक वाटले. आमचे मन त्या भावाकडे गेले. ज्याच्या पायांखाली फळ्या होत्या त्याचे नाव इतिहासाने ठेवले. ज्याने दोर ओढला, आणि भाऊ पडला की प्रत्येक वेळी होडी वळवून त्याच्यापाशी आणली, त्याला काय वाटत असेल?

राहता राहिली अंगावरची जाकिटे. त्या राज्यात दहा वर्षांखालील मुलाने चालत्या होडीत जाकीट घातलेच पाहिजे असा कायदा आहे; आम्ही तो आमच्या घरी वयाची अट काढून लागू केला. दोरी ओढल्यावर फुगणारी सुटसुटीत जाकिटे ट्यूबवर बसणाऱ्यास चालत नाहीत. जाकीट पडणाऱ्याला स्वतःहून तरंगवणारे हवे, कारण पडल्यावर दोरी ओढण्याची शुद्ध राहीलच असे नाही.

शेवटचा वाद झाला तो आरशावरून. कोणास पाण्यावरून ओढताना हाकणाऱ्याखेरीज होडीत आणखी एक मनुष्य असावा व त्याने ओढल्या जाणाऱ्याकडे सतत पाहत राहावे, नाही तर मागचे विस्तीर्ण दृश्य दिसेल असा आरसा तरी असावा, असा तेथील नियम आहे. जावईबापूंनी आरसा मागवला. सोय उघडच होती. कोणी बरोबर नसले तरी अडायचे नाही. आरसा बसवून झाला, तेव्हा नातू त्यात स्वतःचे तोंड पाहत म्हणाला, "पण आजोबा, आरशाला ओरडता कुठे येते?" यावर कोणापाशीच उत्तर नव्हते. हाकणारा एकच, त्याने पुढची होडी पाहावी, की आरशात मागचे मूल पाहावे?

आरसा अजून तेथेच आहे. पण मागच्या बाकावर आता आम्ही बसतो. बाकाचे फाटलेले आच्छादन आम्ही बदलू दिले नाही. होडी निघण्यापूर्वी आम्ही दोरावरून टोकापासून टोकापर्यंत हात फिरवतो; मुलांना प्रारंभी याचे हसू येत असे, हल्ली नात दुसऱ्या टोकाकडून येऊ लागली आहे. दोर ताणला असता त्याच्या रेषेत कोणी बसत नाही. खुणाही ठरल्या आहेत: अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, आणि पाण्यात पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडले म्हणजे मी ठीक आहे.

मुले पडतात. त्यासाठीच तर ती बसतात. ट्यूब उलटते, पाणी उसळते, आणि मग क्षणभर तेथे काहीच दिसत नाही. तो क्षण घड्याळात मोजला तर फार लहान भरेल. मग एक डोके वर येते, आणि थोडे दूर दुसरे. दोन्ही जोड्या हात डोक्यावर जुळल्या की आम्ही पुढे पाहिल्याशिवाय मोठ्याने म्हणतो, "ठीक आहेत दोघे," आणि जावईबापू होडी वळवतात.