नुसतं ७.६२ लिहून भागत नाही

काल बातमीत मी '७.६२ ची काडतुसं' लिहिलं. सकाळीच जुना जालन्यातल्या एका निवृत्त एसआरपी काकांचा फोन. "कोणती रे? एसएलआरची का एके-४७ ची?"

आकडा एकच, पण एसएलआरच्या काडतुसाची पुंगळी ५१ मिमी, एकेची ३९. एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

वरणगावसारख्या आयुध निर्माणीत कॅलिबर बदलायचं तर साचे, दारूचं माप, तपासणीचे गेज, सगळंच बदलावं लागतं. आपल्याकडं सळईचा साईज बदलताना रोल बदलायला मिल थांबवतात, तसंच. फरक एवढाच, की इथं दारूचं माप जुनंच राहिलं तर बंदूक जवानाच्या हातात फुटू शकते.

बातमी दुरुस्त केलीय. चूक माझीच होती. काका, आभार.