कोंडलेलं पाणी

परवा संध्याकाळपासून आमच्या न्हाणीघरात चार बोटं पाणी कोंडून ठेवलंय. जाळीत प्लास्टिकची पिशवी आणि जुन्या धोतराची चिंधी खुपसलीय, उंबऱ्याशी सिमेंटचा लहानसा बांध घातलाय. जाताना मिस्त्री बजावून गेले, "अठ्ठेचाळीस तास, ताई. खालच्यांच्या छताला ओल आली नाही, तरच फरशी." संडास वेगळा आहे, एवढंच नशीब. मी टॉवेल खांद्यावर टाकून शेजारी जाते. आई जात नाही. स्वयंपाकघरातल्या मोरीत बसून तांब्यानं अंघोळ उरकते आणि वर मलाच ऐकवते, "वाड्यात काय शॉवर होते?"

कोथरूडमधलं हे घर 1984 सालचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नवं करायचं म्हणून पहिल्यांदा अंदाज मागवला, तो साडेतीन लाखांचा आला. मोडता येण्याजोगी मुदत ठेव एक लाख दहा हजारांची. कागदावर काट मारायला बसले आणि माझं मलाच नवल वाटलं. मी पाइप कापले, वॉटरप्रूफिंग कापलं. ट्रॉल्या, काचेचं बेसिन, चिमणी मात्र राहू दिली. चार माणसांना दिसेल ते ठेवलं, न दिसणारं उडवलं. त्याच आठवड्यात हळदीकुंकवाला खालच्या काकूंकडे गेले होते. त्यांच्या न्हाणीघरात हात धुताना सहज वर पाहिलं. छताला ओलीचे पिवळे वेढे, रंगाचे पोपडे, आणि दिव्याच्या पट्टीला गंज. आमच्याच घरातलं पाणी. काकूंनी आठ वर्षांत एकदाही आवाज चढवला नव्हता. दर दिवाळीला तेवढा कोपरा मुकाट्यानं रंगवून घेत होत्या. घरी येऊन मी तो कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला नवी यादी लिहिली.

तोडफोड सुरू झाली तसे न मोजलेले खर्च निघू लागले. राडारोडा पोत्यांत भरून तीन जिने उतरवायचा, त्याचे पोत्यामागे पैसे. भिंतीतला लोखंडी पाइप कापला, तर आतून गंजानं इतका भरलेला, की माझी करंगळी जाईना. इतकी वर्षं आम्ही पाणी कमी येतं म्हणून टाकीला नावं ठेवत होतो! प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाड्याचा. देशभरातल्या नळांवर त्या एका जिल्ह्यातली किती माणसं राबतात, हे तोच सांगत होता. त्यानं सामानाची यादी सांगितली, त्यात होता 'नहाणी ट्रॅप'. मी चमकले. आपली न्हाणी! आपण तिला केव्हाच बाथरूम केलं आणि ती मात्र प्लंबरांच्या तोंडी बसून हिंडतेय. जाळीखालच्या त्या वाडग्यात घोटभर पाणी कायम अडून राहतं, म्हणून गटाराचा वास वर येत नाही. दुकानात ही वस्तू अगदी कोपऱ्यात होती.

मग विटांच्या तुकड्यांचा कोबा झाला, त्यावर वॉटरप्रूफिंगचे हात. जाळीकडे ढाळ फुटाला दोन सूत. मिस्त्री पाणसळ ठेवायचे, एक डोळा मिटायचे, थापीनं किंचित दाबायचे. दोन सुतांसाठी अख्खी दुपार गेली. मला मजुरीचा काटा दिसत होता, पण बोलायचा धीर झाला नाही.

या सगळ्यात पैसे संपत आले, म्हणून स्वयंपाकघरात फार काही झालं नाही. ट्रॉल्या गेल्या, ओट्याखालच्या फळ्यांनाच रंग दिला. भिंतीला मोरबीच्या टाइल, त्याही गोदामात उरलेल्या. एका रंगाच्या पुरल्या नाहीत, त्यामुळे खिडकीखालची रांग जरा फिकी आहे. कुणी विचारलं तर मुद्दाम केलं म्हणून सांगणार आहे.

ओटा तोच राहिला, कडाप्प्याचा. त्यावर ठिकठिकाणी पांढुरकी वर्तुळं होती. आम्ही ते डाग समजून वर्षानुवर्षं घासत आलो. पॉलिशवाल्यानं सांगितलं, हे डाग नव्हेतच. कडाप्पा जातीनं चुनखडीचा. लिंबू, चिंच, ताक सांडलं की त्याची कांतीच खाल्ली जाते. म्हणजे गॅसच्या उजव्या हाताला जी वर्तुळं होती, तिथं चाळीस वर्षांची लोणची होती. माझा गळा दाटून आला. त्याला म्हटलं, एवढा कोपरा तसाच ठेवता येईल का? आई दारातून म्हणाली, "कशाला? काढ रे सगळं." मशीन फिरलं, काळं चिखलपाणी वाहिलं आणि ओटा आरशासारखा झाला. आईनं आपला पाट आणला. आल्या दिवसापासून हा ओटा तिला दोन बोटं उंच पडतो. पाटावर उभी राहून तिनं चहा टाकला. ओट्याची उंची बदलणं यादीत होतं. पहिल्याच दिवशी कापलं गेलं.

नागपूरहून मावशीचा फोन आला, "फोटो पाठव की, काय काय केलंस ते." मी तुंबलेल्या पाण्याचा फोटो पाठवला. तिला वाटलं नळ फुटला.

आज सात वाजता काकू स्वतः जिना चढून आल्या. हातात टॉर्च. धाप लागलेली.

"स्टुलावर चढून बघितलं. हात फिरवून बघितला."

"मग?"

"काही नाही गं."

आई म्हणाली, "ऐकलंस ना? काढ ती चिंधी. मला अंघोळ करायचीय." मी कोपरापर्यंत हात घालून पिशवी ओढली. क्षणभर पाणी जागचं हललं नाही. मग ढाळाला लागलं.