पाचपैकी पाच

परवाच्या शनिवारी कॉलेजात जाऊन आलो. आमच्याच. पास होऊन सहा-सात वर्षंच झालीयेत, पण पत्रिकेत नावापुढे 'माजी विद्यार्थी व परीक्षक' असं छापलं होतं, त्यामुळे इस्त्रीचा शर्ट वगैरे घालून गेलो. निमित्त ई-सेलच्या स्पर्धेचं. थर्ड आणि फायनल इयरच्या पोरापोरींच्या बारा टीम, प्रत्येकी सात मिनिटं, धंद्याची कल्पना मांडायची आणि आम्ही तिघांनी मार्क द्यायचे. बाकी दोन परीक्षकांपैकी एकाचा खरोखरचा कारखाना आहे. मी सर्व्हिस कंपनीत जावा लिहितो. मला का बोलावलं म्हणून सरांना विचारलं तर म्हणाले, "अरे, तू आंत्रप्रेन्युअरशिपच्या इलेक्टिव्हला पहिला आला होतास ना!" म्हणजे गुन्हा जुनाच होता.

कार्यक्रम संपल्यावर पोरांना फॉर्म भरायला सांगितला. आमच्या वेळी झेरॉक्स असायची, आता क्यूआर कोड आहे. प्रश्न मात्र तोच. 'या कार्यक्रमानंतर मला स्वतःचा व्यवसाय सुरू करावासा वाटतो. १ ते ५ मध्ये उत्तर द्या.' २०१८ साली मी त्यात पाचच्या आकड्याला गोल केला होता. नुसता गोल नाही, दोनदा गिरवला होता. त्यानंतर सात-आठ महिन्यांत कॅम्पस प्लेसमेंटचं लेटर आलं आणि तो पाच कुठे गेला ते मला आठवतही नाही.

तेव्हाचा आमचा प्लॅन म्हणजे हॉस्टेलच्या पोरांना मेसचा डबा पोचवणारं ॲप. मी आणि माझा रूमपार्टनर. चाळीस पानी बिझनेस प्लॅन, मागे एक्सेलची शीट, तिसऱ्या वर्षी नफा. त्या शीटमध्ये दर महिन्याच्या एक तारखेला सगळी पोरं मेसचे पैसे भरतात असं धरलं होतं. ज्याने हॉस्टेलात एक महिना काढलाय त्याला हे वाचून हसू येईल. सरांना आलं नाही. सर्वांत जास्त मार्क आम्हालाच.

असो. तर शनिवारी निघताना फायनल इयरची एक मुलगी पार्किंगपर्यंत आली. तिच्या टीमने सोसायट्यांच्या पाण्याच्या टँकरचा हिशोब ठेवणारं ॲप केलंय. पुण्यात उन्हाळा काढलेल्या माणसाला त्याची गरज समजावून सांगायला नको. तीन सोसायट्या ते वापरतात. तिने सरळ विचारलं, "सर, मला ऑफर आहे. सोडू का?" आणि मी काय बोललो? 'पॅशन' हा शब्द वापरला. 'रिस्क' हाही वापरला. 'मनाचा कौल' वगैरे. ती "थँक्यू सर" म्हणून गेली आणि घरी येईपर्यंत गाडीत मला स्वतःचीच लाज वाटत होती.

सोमवारी ऑफिसात बिल्ड अडकला होता, तेव्हा सहज शोधायला बसलो, की या फॉर्मचं पुढे काय होतं? विद्यापीठं इतकी वर्षं उद्योजकता शिकवतायत, तर ती शिकवून कोणी उद्योजक होतं का? मग रविवारपर्यंत सुटका झाली नाही. कारण कळलं ते असं, की या विषयावरचं निम्म्याहून जास्त संशोधन बहुतेक त्या १ ते ५ च्याच फॉर्मवर उभं आहे.

अमेरिकेतला असा पहिला कोर्स म्हणून हार्वर्ड बिझनेस स्कूलचं नाव घेतात. फेब्रुवारी १९४७, मायल्स मेस नावाचे प्राध्यापक, १८८ विद्यार्थी. महायुद्ध नुकतंच संपलेलं. पुढे बरीच वर्षं सामसूम, आणि मग सत्तरच्या दशकानंतर नुसता पूर. एकविसावं शतक उजाडेपर्यंत तिथे सोळाशेच्या वर संस्थांमध्ये बावीसशेच्या वर कोर्स झाले होते. आता एवढे कोर्स म्हटल्यावर ते चालतात का हे मोजणारे पण आले. पण मोजणार काय? पोरगं पास झाल्यावर पाच, दहा, पंधरा वर्षांनी धंदा काढणार. तोवर पीएचडीवाल्याने थांबायचं का? त्यामुळे धंद्याऐवजी धंद्याचा इरादा मोजायचा. त्याला मानसशास्त्राचा आधारही होता. माणसाच्या इराद्यावरून त्याच्या वागण्याचा अंदाज बांधता येतो, अशी आयझेन यांची १९९१ ची प्रसिद्ध मांडणी आहे. कोर्सच्या आधी फॉर्म, कोर्सनंतर फॉर्म, आकडा वाढला की पेपर तयार.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे म्हणजे डेमोला क्लायंटने टाळ्या वाजवल्या म्हणून तिकीट क्लोज करणं. प्रॉडक्शनला काय झालं ते बघायचंच नाही.

आणि कित्येक अभ्यासांमध्ये तर कोर्सआधीचा आकडाच नसायचा! २०१४ मध्ये चौघा संशोधकांनी ७३ अभ्यास एकत्र केले, मिळून ३७,२८५ माणसं. कोर्स आणि इरादा यांचा संबंध निघाला, पण बारीकसा. आणि कोर्सला बसण्याआधीच कोणाचा किती इरादा होता हे हिशोबात घेतल्यावर तोही ठामपणे सांगण्यासारखा उरला नाही. उघड आहे. इलेक्टिव्ह घेतं कोण? ज्याच्या डोक्यात आधीच किडा आहे तो. त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने अशीच मोठी बेरीज केली होती. त्यांना या शिक्षणाचा थोडा फायदा दिसला, पण सोबत हेही दिसलं की अभ्यास जितका ढिला, तितका त्यातला फायदा फुगलेला. (आमच्या टेस्टिंगवाल्या मॅडम हे ऐकून नुसत्या हसतील.)

इथपर्यंत मी मजेत वाचत होतो. मग २०१० चे दोन पेपर हाती लागले आणि जरा सावरून बसलो.

पहिला नेदरलँड्समधला. एकाच कॉलेजचे दोन कॅम्पस, अभ्यासक्रम तोच. एका कॅम्पसला पोरांनी वर्षभर छोटी कंपनी चालवायची, शेअर विकायचे, माल बनवायचा, विकायचा आणि शेवटी कंपनी बंद करायची, हे सक्तीचं. दुसऱ्या कॅम्पसला ते नाही. पोरं कॅम्पस निवडताना घराजवळचा कुठला हे बघतात, त्यामुळे 'आधीच किडा असलेले इकडे आणि नसलेले तिकडे' हा घोळ बराच कमी. निकाल काय लागला? कौशल्यांमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही. आणि धंदा काढायचा इरादा, कंपनी चालवलेल्या पोरांचा, घटला!

दुसरा म्युनिकच्या विद्यापीठातला. तिथेही कोर्स सक्तीचा. कोर्सनंतर पोरं म्हणतात, आम्हाला पूर्वीपेक्षा जास्त जमतं. आणि तरीही एकूण इरादा थोडा खाली. वर्तमानपत्रवाल्याने याची बातमी केली असती तर 'उद्योजकतेचं शिक्षण फसलं' असा मथळा दिला असता. पण या लोकांनी वेगळा विचार केला. ते म्हणतात, समजा कोर्सचं काम पोरांना पेटवणं नाहीच. समजा त्याचं काम हे, की ज्याला स्वतःबद्दल काहीच अंदाज नाही त्याला तो यावा. मग ज्याचा पिंडच तो नाही त्याने कोर्सनंतर 'नाही' म्हणणं हाही फायदाच झाला की. आणि त्यांच्या आकड्यांत तसं दिसतं. काठावरची पोरं काठावर राहत नाहीत, कोणी इकडे जातं, कोणी तिकडे.

हे वाचून मला माझा पाच आठवला. तो इतका गरगरीत कसा आला?

कारण खरं म्हणजे मला तरी कोर्सची गरजच नव्हती. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत बाबांचं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, चार माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग यायचं, मशिनिंग करून पाठवायचं. २००८-०९ च्या मंदीत काम कमी झालं हे खरं, पण वर्कशॉप बुडालं ते काम नसल्यामुळे नाही. झालेल्या कामाचे पैसे आले नाहीत म्हणून. तीन महिन्यांची बिलं सात महिन्यांवर गेली, इकडे बँक दर महिन्याला हजर. मी सातवीत होतो. संध्याकाळी फोन वाजला की तो मी उचलायचा आणि "बाबा घरात नाहीत" म्हणायचं, बाबा समोर कॉटवर बसलेले असताना. २०११ मध्ये शटर कायमचं खाली आलं.

एवढं बघितलेल्या मुलाने नऊ-साडेनऊ वर्षांनी एक्सेलमध्ये लिहिलं, की सगळे एक तारखेला पैसे भरतात. कोर्सने मला ते लिहू दिलं. वर मार्क दिले.

बिझनेस प्लॅनचं हे खूळ आता बरंच ओसरलंय म्हणतात. सरस सरस्वती यांचा २००१ चा पेपर मला फार आवडला. त्यांनी आपल्या संशोधनात मुरलेल्या २७ उद्योजकांना एक काल्पनिक धंदा दिला आणि सांगितलं, विचार मोठ्याने करा. तर ही मंडळी बाजाराचा अंदाज वगैरे बांधत बसत नाहीत. हातात काय आहे, ओळखीचं कोण आहे, आणि गेले तर किती गेलेले चालतील, इथून सुरुवात करतात. २०११ मध्ये स्टॅनफर्डला स्टीव्ह ब्लँक यांनी कोर्सच असा काढला की प्लॅन लिहू नका, बाहेर जाऊन गिऱ्हाइकाशी बोला. ट्युनिशियात तर २००९-१० पासून पदवीच्या प्रबंधाऐवजी धंद्याची योजना करायची मुभा दिली, तीही कोणाला मिळणार हे सोडत काढून, म्हणजे तुलना चोख. त्यातून स्वतःचं काम करणाऱ्यांत किंचित वाढ झाली, एकूण कामाला लागलेल्यांत नाही. तरी २००४ ते २०१६ मधले १५९ लेख चाळून २०१७ मध्ये जो मोठा आढावा आला, त्याचं रडगाणं तेच: बहुतेक लोक अजून लगेचचं आणि 'तुम्हाला काय वाटतं' एवढंच मोजतायत.

आणि यातली सगळ्यात भारी गोष्ट आपल्याकडची आहे, जी मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी सांगितली नाही. काकीनाडा, आंध्र प्रदेश, १९६४. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी तिथल्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत नेलं. मोजके दिवस. चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावायच्या, त्यावरून स्वतःकडे बघायचं, आपल्याला झेपेल पण सोपं नसेल असं ध्येय ठरवायचं. आणि नंतर मोजलं काय? 'आवडलं का, १ ते ५' नाही. पुढच्या काळात कोणी नवा धंदा काढला, कोणी किती पैसे घातले, किती माणसं कामाला ठेवली. आणि प्रशिक्षण न घेतलेल्यांशी तुलना. घेतलेले पुढे निघाले. १९६९ मध्ये पुस्तक आलं. आता ते आधीच धंद्यात असलेले लोक होते, वीस वर्षांची पोरं नव्हती, त्यामुळे जसंच्या तसं आमच्या ई-सेलला लावता येणार नाही. पण मोजपट्टी बघा ना! साठ वर्षांपूर्वी काकीनाड्यात जमलं ते आम्हाला क्यूआर कोड असून जमत नाही.

रविवारी रात्री बाबांना फोन केला. ते आता दुसऱ्याच्या वर्कशॉपात सुपरवायझर आहेत. नेहमीचं जेवलास का, पाऊस आहे का झाल्यावर विचारलं, "बाबा, तुम्ही तेव्हा असा कोर्स केला असता तर काही फरक पडला असता का हो?" थोडा वेळ गप्प. मला वाटलं चिडले. मग म्हणाले, "कुणाला माल द्यायचा न्हाई, हे शिकवतात का तुमच्यात?"

मी म्हटलं, नाही.

"मग काय शिकवतात?"

मी सांगायला लागलो आणि त्यांनी ऐकून घेतलं, बऱ्यापैकी वेळ. मध्येच म्हणाले, तो एक अमुक होता, त्याला तिसऱ्या बिलानंतर थांबवायला पाहिजे होतं, पण माणूस बोलायला गोड. चौदा-पंधरा वर्षांत त्या दिवसांबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदाच एवढं बोलले.

फोन ठेवल्यावर त्या मुलीला मेल लिहिली. पॅशन, रिस्क, मनाचा कौल, सगळं मागे घेतो म्हणून कळवलं. सोडावी की नाही हे मला सांगता येणार नाही, पण तीन गोष्टी कळव: तीनपैकी किती सोसायट्या पैसे देतात, बिल दिल्यापासून किती दिवसांनी देतात, आणि पगार नसेल तर घरातून किती महिने निघतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. 'सर, एकच सोसायटी पैसे देते. मागच्या बिलाला ४७ दिवस झाले, अजून आलेले नाहीत. घरी तिसरा प्रश्न विचारला नाहीये, आज विचारते. जॉइनिंग जुलैत आहे. संध्याकाळी परत सेक्रेटरी काकांकडे जाऊन बसणार आहे.'