उभी गाडी

शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यात रोज गाडीनं जायचो. मार्च २०२० पासून हिशेबाचं काम घरून आणि गाडी दारात. मे २०२१ मध्ये विमा संपला. म्हटलं, चालतच नाही तर पैसे कशाला? कायद्यानं सक्तीचा थर्ड पार्टी तेवढा काढला.

आण्णा म्हणाले, "गाडी उभी आहे रे, पंचगंगा नाही."

२०१९ चा पूर मी विसरलो होतो. जुलैत शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, आमच्या गल्लीतही पाणी आलं. पुरात स्वतःच्या गाडीचं झालेलं नुकसान थर्ड पार्टीत मिळत नाही. सगळा खर्च खिशातून!

जुलै २०२२ पासून किलोमीटरनुसार हप्त्याची सोय आहे. थर्ड पार्टी तेवढाच राहतो, स्वतःच्या गाडीच्या विम्याचा हप्ता घटतो. आता तोच घेतो.

असो. पावसाळ्यात गाडी उंचावर लावतो, आण्णांना न विचारता.